एका कर्ण्यापुरता आवाज

माझ्या मशीनचा आवाज एका दिवसात बसला नाही. दोन-तीन वर्षं तो बसतच होता, मी कबूल करत नव्हतो. कर्ण्यांना आवाज पुरवणारं व्हॉल्वचं मशीन आहे ते, काचेच्या दिव्यांचं. चालू केलं की आधी दिवे तांबडे होतात, मग जरा वेळाने बोलायला लागतं. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण तलासरीपासून बोर्डीपर्यंत किती पाड्यांत चार-चार कर्णे बांधून लग्नं वाजवली, त्याचा हिशेब नाही. आणि इतक्या वर्षांत त्या पेटीला दुसऱ्या कुणाचा पाना-पेचकस लागू दिला नाही. डीजे आले तेव्हा मशीन घरी बसलं, मी बसलो नाही. आठवड्यातून एकदा तरी ते चालवायचोच.

यंदाच्या उन्हाळ्यात झरीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं.

“दादा, हळदीची गाणी मी म्हणणार आहे. पण डीजे लागला की माझा आवाज माझ्याच कानात येत नाही. तुझं मशीन आण.”

“आणतो.”

“नक्की ना? मी पोरांना डीजे नको म्हणून सांगते. मग फजिती नको.”

“चार कर्णे बांधतो. पलीकडच्या गावातले लोक उठून बसतील.”

बोलून गेलो. फोन ठेवला तेव्हा मशीन समोरच होतं, आणि त्याच सकाळी ते अर्ध्या तासात घोगरं झालं होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. हळदीला पंधरा दिवस उरले होते.

त्या दिवसापासून मी काही धड बसलो नाही. मशीन लावायचं, माइकमध्ये एक-दोन-तीन म्हणायचं, अंगणात जाऊन ऐकायचं, परत आत. पहिली वीस मिनिटं आवाज खणखणीत. मग उतरायला लागायचा. जाड व्हायचा, खालून घूं-घूं यायची, बटण फिरवून वाढवला की फाटायचा. बंद करून गार होऊ दिलं की पुन्हा वीस मिनिटं शहाण्यासारखं वागायचं. पहिला संशय लाइटवर घेतला. दुपारी आमच्याकडे दाब कमी असतो, म्हणून स्टॅबिलायझर मागून आणला. फरक नाही. माइक बदलला, वायर बदलली, कर्ण्याच्या पोटातला पडदा काढून पुसून बसवला. जपून ठेवलेले दोन जुने व्हॉल्व घातले. आतले सुकलेले कंडेन्सर काढून नवे डाक देऊन लावले, त्यात बोट भाजून घेतलं. एवढं करून आवाज जरा साफ झाला, घूं-घूं कमी झाली, पण विसाव्या मिनिटाला खाली यायचा तो आलाच.

बायको दारातून म्हणाली, “अहो, जेवून घ्या. त्या पेटीला भूक लागत नाही, तुम्हाला लागते.”

“तूच झाडताना हलवलंस असशील.”

“मी? सून तिच्यावर फडकं मारायला गेली तर तुम्ही गाव गोळा केलात. आता माझं नाव घेता होय?”

तिचं खरं होतं, म्हणून मी आणखी चिडलो. जेवलो नाही. ताट झाकून तिने ठेवलं आणि शेजारी गप्पा मारायला निघून गेली.

सहा दिवस उरले तेव्हा मशीन गोणपाटात बांधलं. डहाणूपर्यंत एसटी, पुढे गाडीने एक स्टेशन, वाणगाव. तिथे जुने रेडिओ दुरुस्त करणारा एकजण आहे हे मला कैक वर्षं माहीत होतं. त्याच्या दुकानाची पायरी मी चढलो नव्हतो, चढायची नव्हती. खांद्यावर गोण घेऊन मी दुकानासमोरून एकदा पुढे गेलो, चहा प्यायलो आणि मग परत आलो.

“बेसो काका,” तो म्हणाला. गुजराती-मराठी एकत्रच बोलतो तो. “असं मशीन बघून किती वरस झाले!”

त्याने ते चालू केलं, पंचवीस मिनिटं नुसता बसून ऐकत राहिला. मग बंद करून फडक्याने एक मोठा व्हॉल्व उपटला आणि तो बसतो त्या सॉकेटवर बॅटरी मारली.

“आ शुं छे? हे लाल काय आहे?”

“कुंकू.”

“व्हॉल्वच्या खाली?”

मी सांगितलं. दसऱ्याला आपण कोयता, विळा, नांगर सगळं पुजतो, तसं मशीनही पुजायचं. आधी टिळा काचेवर लावायचो. काच तापली की तो करपायचा, घरभर वास सुटायचा. मला ते बरं वाटेना. म्हणून व्हॉल्व काढून तो जिथे बसतो त्या जागेलाच टिळा लावायला लागलो. नुसतं कुंकू उडून जातं, म्हणून तेलात कालवून. दर दसऱ्याला, जुन्यावर नवा. परवा व्हॉल्व बदलले तेव्हाही ते लाल मला दिसत होतं. पण देवाच्या गोष्टीवर कोण संशय घेतो?

त्याने ब्लेडने थर खरवडला. खाली एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत बारीक काळी रेघ जळलेली होती. तेल-कुंकू तापलं की करंट त्या चोरवाटेने पळत होता. वीस मिनिटं लागायची ती तापायला.

“पूजा तुम्ही केली की घरच्यांनी?”

बायकोचं नाव ओठावर आलं होतं. कुंकवाची वाटी तीच आणून द्यायची, तेवढं तर खोटं नव्हतं. “मीच,” म्हणालो.

तो हसला नाही. हसला असता तर भांडता तरी आलं असतं. त्याने दोन्ही मोठ्या व्हॉल्वची सॉकेट बदलली, मशीन तासभर चालवलं. आवाज टिकला. मग त्याने मोठ्या ट्रान्सफॉर्मरला नाक लावलं आणि मान हलवली. “हा आतून भाजलाय काका. चार कर्ण्यांचा लोड नको. एकच लावा. मधूनमधून हात ठेवून बघा, हात टिकला नाही की बंद करा.”

“त्याच्या तारा नव्याने गुंडाळून घेतल्या तर?”

“महिना लागेल.”

बहिणीला फोन करता आला असता. मी झरीला गेलो. मशीन म्हातारं झालंय एवढंच सांगायचं, असं एसटीत ठरवलं होतं.

“एकच कर्णा?” ती म्हणाली. “चार म्हणाला होतास.”

“एकच.”

“बिघडलं कशाने?”

सांगून टाकलं. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की आतून पोरी बघायला आल्या. “अरे दादा, टिळा लावून लावून मारलंस त्याला!” मग डोळे पुसून म्हणाली, “डीजेवाल्याला निरोप धाडू का? अजून येईल तो. पोरं खूशच होतील.”

मी अंगणात कर्ण्याचा बांबू कुठे उभा राहील ते बघत होतो.

“खरं सांग. एका कर्ण्याने माझा आवाज मांडवाबाहेर जाईल?”

“जाईल.”

“मग आण.”

हळदीच्या दिवशी बांबू उभा केला. चार कर्णे असले की चारी दिशा असतात, एकाला तोंड एकीकडेच करावं लागतं. बहीण म्हणाली, नवरदेवाच्या पाड्याकडे कर. तसं बांधलं. ती माइकपुढे बसली, दोनदा खाकरली आणि तिने गाणं सुरू केलं. बाकीच्या बायका मागून ओळ धरायला लागल्या. मी ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला. कोमट होता.

लग्न वाजवणारा माणूस मांडवात बसून ऐकत नाही, आवाज कुठवर जातो ते चालत जाऊन बघतो. मी कापलेल्या भाताच्या खाचरांतून निघालो. पहिल्या बांधावर शब्द न शब्द ऐकू येत होता. आंब्याखाली नवरीचं नाव कळत होतं. ओहोळापर्यंत नुसती चाल उरली. पूर्वी ओहोळाच्या पलीकडे टेकडीवरही शब्द लागायचे. पलीकडे एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती, तिला ओरडून विचारलं, “ऐकू येतं का?”

“येतं की! कुणाकडे हळद आहे?”

तिला उत्तर द्यायला थांबलो नाही. विसाव्या मिनिटाच्या आत मला परत पोचायचं होतं, ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून बघायचं होतं. मी बांधावरून जवळजवळ पळतच निघालो, आणि समोरून बहिणीचा आवाज एकेक शब्द करून परत येत होता.