फेफऱ्याचं औषध

काकी गेल्याचं कळलं तेव्हा मी कट्टा गावच्या बाजारात आश्रमातल्या मुलांसाठी कुळीथ घेत होते. आमचा गडी सायकल टाकून धावत आला आणि दुकानाच्या पायरीवरच बसला. "काकी गेली," एवढंच म्हणाला. मी कुळीथ बांधून घेतले, गूळही घेतला आणि मगच आश्रमाची वाट धरली. बघणाऱ्यांना ते विचित्र वाटलं असेल. पण रिकाम्या हातानं परतले असते, तर काकीनं उठून बसून मला फैलावर घेतलं असतं. एकतीस पोरं होती त्या दिवशी जेवायला.

द्वारकाकाकी आमच्या अनाथाश्रमाची व्यवस्थापिका. तेही कागदावर, एरवी सगळ्यांची काकी. ठेंगणी, काटक, नऊवारी घट्ट खोचलेलं, आणि आवाज असा की तिनं विहिरीवरून हाक मारली तर शाळेतली पोरंसुद्धा ओ देत. कचेरीतला माणूस आला की ती छापील मराठी बोले, आणि तो फाटकाबाहेर पडला रे पडला की मालवणीत त्याची हुबेहूब नक्कल करून दाखवी. तिला जाऊन आता दीड महिना झाला... जेवणाच्या वेळी अंगण अजून फार शांत वाटतं.

मी तिच्याकडे आले ती बाविसाव्या वर्षी. नवरा आगबोटीवर खलाशी होता; लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो गेल्याची तार आली. पोटी मूल नाही. सासरच्यांनी माहेराकडे बोट दाखवलं, माहेरच्यांनी सासराकडे. काकीनं काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर महिन्याभराची एक मुलगी आणून ठेवली आणि म्हणाली, "ह्या चेडवाक बघ. तुका रडूक वेळ गावचो नाय." ती कुसुम. आणि खरंच, त्यानंतर तीन वर्षं मला रडायला वेळ मिळाला नाही.

मग देवगडहून एक जोडपं आलं. पंचावन्न सालच्या आसपासची ही गोष्ट. त्यांचं किराण्याचं दुकान होतं, थोडी हापूसची कलमं होती, लग्नाला बारा वर्षं झाली होती. बाईंचं नाव सुशीला. त्यांनी कुसुमपुढे एक बोट धरलं आणि कुसुमनं ते पकडलं. चहा देताना मी बाईंच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "पोरीला फेफरं येतं. तुम्हांला कुणी सांगायचं नाही, म्हणून मी सांगते." आज हे लिहितानाही लाज वाटते. बाईंचा चेहरा उतरला. "विचार करून कळवतो," म्हणून दोघं निघून गेली. त्या संध्याकाळी मी सगळ्या पोरांना शिरा करून घातला, इतकी मी खूश होते.

आठ दिवसांनी दोघं परत आली आणि काकीच्या खोलीत बसली. मी कुसुमला कडेवर घेऊन दारात उभी. सुशीलाबाई म्हणाल्या, "आमचा ठरला, चेडवाक घेवन जातो. फकत फेफऱ्याचा औषध खंयचा देतात, ता सांगा. देवगडात डाक्टर आसा, पण आधी विचारलेला बरा."

काकीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग छापील मराठीत म्हणाली, "दुसऱ्या कुणा मुलाचं ऐकलं असेल तुम्ही. कुसुमला काही नाही, ठणठणीत आहे."

ती दोघं हातपाय धुवायला गेल्यावर माझी धडगत नाही असं वाटलं. काकी आवाज न चढवता म्हणाली, "पिशयेत दोन लुगडी भर. तू हेंच्याबरोबर देवगडाक जातलंस. चेडू तुका हाक मारूचा थांबला काय ये."

"काकी, माका जमाचा नाय."

"खोटा बोलूक जमला, ह्या पण जमतला. आणि चोरान येव नको. चेडवाक सांगान ये."

बस, मग खाडीवरची होडी, मग परत बस... सगळा प्रवास कुसुम माझा पदर मुठीत धरून बसली होती. पहिले दोन दिवस तिनं तो सोडलाच नाही. मी सुशीलाबाईंना एकेक गोष्ट दाखवत गेले: पेज वाटीनंच पाजायची, चमचा दिसला की ती तोंड मिटते, डोक्यावर पाणी घेताना तिच्या कपाळावर आपला हात आडवा धरायचा. दाखवताना माझा जीव तुटत होता. त्या बाई मात्र शाळेतल्या मुलीसारख्या मन लावून शिकत होत्या. सहाव्या दिवशी कुसुमला कलमाखाली तांबड्या मुंग्या चावल्या. ती रडत आली, मी हात पसरले, आणि ती माझ्या शेजारून धावत आत गेली. चुलीपुढे बसलेल्या सुशीलाबाईंच्या गळ्यात पडली.

दुपारी मी पिशवी घेतली. कुसुम खोबऱ्याचा तुकडा चावत होती. मी तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, "मी जातंय गो." तोंडात खोबरं तसंच ठेवून ती म्हणाली, "जा."

आश्रमात पोचले तेव्हा काकी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. "रडला काय चेडू?"

"नाय."

"आणि तू?"

मी पिशवी खाली ठेवली. तिनं सूप बाजूला ठेवलं, मला आत नेऊन पान वाढलं आणि मी जेवून होईपर्यंत समोर बसून राहिली. शिक्षा म्हणाल तर एवढीच. पण पुढे मी एखाद्या पोराला जरा जास्त बिलगलेली दिसले की ती लांबूनच विचारायची, "ह्याका काय येता म्हणान सांगतलंस गो?" मी चिडायचे, आणि ती पोट धरून हसायची. तिच्या हाताखाली मी कितीतरी पोरांना निरोप दिला. दर वेळी जड गेलं. खोटं पुन्हा एकदाही बोलले नाही.

काकीच्या बाराव्यानंतर सुशीलाबाई भेटायला आल्या, सोबत कुसुम. सोळा वर्षांची, दोन वेण्या, सुशीलाबाईंसारखीच मान तिरकी करून बोलणारी. आई पडवीत बसली आणि ती एकटीच आत आली. मी काकीची लुगडी घडी करून ट्रंकेत ठेवत होते.

"काकींची खोली हीच काय?"

"होय गो. बस."

ती काकीच्या खाटेच्या कडेला टेकली. "आई सांगता, काकींनीच माका तीन वर्सां मांडयेर वाढवल्यानी. आणि माका तेंचा तोंडसुद्धा आठवना नाय... एकदा तरी मी येवक होया होतंय." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

सुशीलाबाईंनी गोष्ट सुटसुटीत करून सांगितली होती. ती दुरुस्त करावी असं मला क्षणभर वाटलं, नाही असं नाही. पण मी म्हटलं, "आठवना नाय ता बरा. काकीक ताच होया होता." आणि तिला जवळ घेतलं. घरातल्या कुणाही वडीलधाऱ्या बाईनं घ्यावं, तसं तिनं मला घेऊ दिलं. तिचं डोकं बराच वेळ माझ्या खांद्यावर होतं. त्या घटकेला मला अगदी बरं वाटलं.

मग तिनं डोळे पुसले, एक लुगडं उचलून माझ्याबरोबर त्याची घडी घातली आणि सहज विचारलं, "तुमचा नाव काय?"

"शालन," मी म्हटलं.

"बरा," ती म्हणाली, आणि लुगड्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.