पाटाकडचा तिसरा पुदिना

नगरच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता मी लिहायला शिकलो. तिथली शिकवण साधी होती. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा. म्हणून आरोप आधी मांडतो. माझ्या वहिनीचा श्वास दोन सरकारांनी अडवला. एकानं लढाई करून, दुसऱ्यानं बरणीला कुलूप लावून. पुरावा सांगायला मात्र मला एका वासापासून सुरुवात करावी लागते, आणि वास काही पत्रकाच्या शिस्तीत बसत नाही.

मांजरसुंब्याचा घाट बीडकडं उतरताना डाव्या हाताला आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला ओढा, आणि ओढ्याला लागून हकीमसाहेबांची मातीची भिंत. त्या भिंतीआड एक लाकडी कपाट होतं. त्याचा वास अजून मला झोपेत येतो. कापूर नव्हे, ओवा नव्हे, दोन्हींच्या मधलं काहीतरी. उन्हानं तापलेल्या दगडावर कुणीतरी पाला चुरगाळावा तसा. बरण्यांत काय होतं ते हकीमसाहेब बोट ठेवून सांगत: उस्तुखुद्दूस, बाबूना, अफसंतीन, जूफा. ही सगळी रूम आणि शामच्या, म्हणजे तुर्कांच्या मुलखातल्या, डोंगरांवरची रानझाडं. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. समुद्राकाठच्या खडकांतून आपली उगवतात. तिथले मेंढके ती उपटतात, वाळवतात. मग गलबतानं मुंबई, गाडीनं नगर, आष्टीकडच्या नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरायची, आणि शेवटी आमच्या ओढ्याकाठी एका बरणीत येऊन झोपायचं. लहानपणी मला वाटे, बरणीचं झाकण उघडलं की आत कुठंतरी लांब मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजतात.

त्यातला जूफा आमच्या घरचा. म्हणजे वहिनीचा. बारीक काड्या, निळसर वाळकी फुलं.

माझी आई मी रांगत असताना गेली. दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनी स्वतःच पोर होती. मला कडेवर घेऊन ती पाण्याला जायची. मला ती भावजी म्हणते, पण रागावते पोटच्या पोरासारखी. एरवी ती धडधाकट. मोट धरील, भाकऱ्यांची चळत थापील. पण फाल्गुनात ज्वारीची खळी लागली, उफणणी सुरू झाली आणि भुसकट वाऱ्यावर चढलं की तिची छाती कोंडायची. घरात बसवून उपयोग नव्हता. भुसकट दाराच्या फटीतून आत येतं. जूफ्याचा जोशांदा, म्हणजे उकळून गाळलेला काढा, मध घालून घेतला की ती निभावून न्यायची. तेवढाच तिला आधार होता.

मग विलायतेकडं लढाई जुंपली. रूमचा सुलतान एका बाजूला, इंग्रज दुसऱ्या बाजूला. त्या समुद्रातली व्यापाराची गलबतं थांबली आणि आमच्या हकीमसाहेबांची बरणी तळाला गेली. त्या साली उफणणीत वहिनीचे ओठ निळे पडले. दादा तिला धरून ओट्यावर बसला होता, आणि ती डोळ्यांनीच मला सांगत होती की रडू नको. पुढच्या फाल्गुनात काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही. पण दिवाळीपासून प्रत्येक जण वारा कुठून येतो ते बघायला लागला होता.

आता बरणीचं कुलूप. आमच्या जिल्ह्यातल्या, संस्थानी सरकारच्या दवाखान्यात जूफा शिल्लक होता. हकीमसाहेब स्वतः तट्टावर बसून गेले आणि तसेच परत आले. ती बरणी बड्या साहेबांच्या जनान्यासाठी राखलेली होती. त्या जनान्यात कुणाला दमा नव्हता. उद्या कुणाला झालाच तर असावी, म्हणून राखलेली. मी त्याच संध्याकाळी पत्रकाचा मजकूर जुळवला. हकीमसाहेबांनी तो शांतपणे ऐकला.

"मियाँ," ते म्हणाले, "तुमचं पत्रक छापून येईल, माझा सरकारी वजीफा बंद होईल, आणि बरणी जिथं आहे तिथंच राहील. त्यापेक्षा उद्या माझ्यासोबत डोंगरात चला. बदल शोधू."

बदल हा त्यांच्या विद्येतला शब्द. युनानीत बहुतेक औषधांना एक बदल सांगितलेला असतो. मूळ झाड नाही मिळालं तर त्याच्या जागी उभं राहणारं दुसरं. पण वाटेल ते उभं करता येत नाही. दोघांचा मिजाज, म्हणजे प्रकृती, जुळावा लागतो, आणि कामही. जूफ्याचा मिजाज गरम आणि खुश्क, म्हणजे कोरडा, काम छाती मोकळी करण्याचं. अडुळसा आधीच देऊन झाला होता. वहिनीला तो पोटात ठरत नव्हता. भुईरिंगणीनं घसा सोलून निघाला. गल्लीतल्या एका म्हातारीनं धोतऱ्याच्या पानांचा धूर दिला, तेव्हा श्वास सुटला खरा, पण वहिनी सगळी दुपार आपल्या मेलेल्या आईशी पापडांच्या पिठाबद्दल बोलत बसली. हकीमसाहेबांनी धोतरा घराबाहेर फेकायला लावला. वहिनी मात्र नंतर कितीतरी दिवस म्हणायची, आई लई थकलेली दिसली.

ते पौषातले दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. आम्ही सकाळी बालाघाटाच्या उतारावर चढायचो. ऊन कोवळं, गवत पिवळं, दगडांना रात्रीचा गारवा. हकीमसाहेब प्रत्येक रोप वाकून बघत, आणि आधी पानाला नव्हे, देठाला हात लावत. देठ बोटांत फिरवायचा. गोल फिरला तर सोडून द्यायचा. कोपरे लागले, चौकोनी वाटला, पानं समोरासमोर निघाली आणि चुरगाळल्यावर वास आला, तर ते जूफ्याच्या घराण्यातलं. रानतुळस, सबजा, तुंबा, दीपमाळ. "हे सगळे एका घरचे," ते म्हणत. "कुणी शाममध्ये राहिला, कुणी इथं आला. देठ बघा, खानदान लपत नाही."

वर एक धनगर शेळ्या चारायचा. त्याची वाटणी वेगळी होती. शेळी आवडीनं खाते ती, शेळी तोंड लावून सोडते ती, आणि शेळी लांबूनच वळते ती. त्याच्या मते डोंगरात एवढ्याच तीन जाती. मी त्याला म्हणालो, "आणि निरगुडी?" तो म्हणाला, "ती माज्या शेळीला इचार की रं, मला कशाला इचारतो?" मी स्वतः तेव्हा झाडांची वाटणी स्वदेशी आणि परदेशी अशी करत होतो. ती हकीमसाहेबांना ऐकवली तेव्हा त्यांनी माझ्या शिदोरीतल्या मिरचीकडं बघितलं, आणि म्हणाले, "ही फिरंग्यांच्या गलबतातून आली."

दुपारी एखाद्या खडकाच्या सावलीला बसलो की ते रूमच्या डोंगरांचं वर्णन करत. तिथली माती अशीच भुरकट, झुडपं अशीच गुडघ्याएवढी, काटेरी, आणि उन्हाळ्यात त्यांचा वास इतका सुटतो की गलबतावरच्या माणसाला किनारा दिसायच्या आधी नाकाला कळतो. डोळे अर्धे मिटले की मला समोरचा उतार हळूहळू निळा झालेला दिसायचा, खाली गावाच्या जागी पाणी हलायचं, आणि धनगराची हाक दुसऱ्याच कुठल्या तरी भाषेत ऐकू यायची. समुद्र मी पाहिलेला नव्हता. एकदा विचारलं, तुम्ही कधी गेला होतात? ते म्हणाले, "नाही. माझे उस्तादही नाही." आणि पुन्हा तितक्याच खात्रीनं तिथल्या वाऱ्याबद्दल सांगायला लागले.

बदल काही मिळाला नाही. रानतुळस गरम, पण दुबळी. तुंबा कफ पातळ करायचा, छाती उघडायचा नाही. आणि माघ सरत आला होता.

मिळालं ते भिंतीआडच. हकीमसाहेबांच्या परसात मोटेचा पाट होता. पाटाच्या एका काठाला बागेतला पुदिना. दुसऱ्या काठाला नहरी पुदिना, म्हणजे वाहत्या पाण्यातला, रुंद केसाळ पानांचा. गावातल्या एका हाजीनं शामकडच्या व्यापाऱ्याकडून त्याची मुळं ओल्या कापडात बांधून आणली होती. दोन्ही वर्षानुवर्षं समोरासमोर फुलत होते, मधमाश्या इकडून तिकडं करत होत्या. आणि पाटाच्या वळणावर एक तिसराच उगवला होता. देठ जांभळा, पान टोकदार, बी कधी धरत नाही. हकीमसाहेब त्याला खेचर म्हणत. "बाप गाढव, आई घोडी. ताकद दोघांपेक्षा जास्त, औलाद नाही." मी एक पान चावलं. जीभ गार पडली, आणि लगेच छातीत कुणी खिडकी उघडावी तसं वाटलं.

मी म्हणालो, हाच बदल.

त्यांनी मान हलवली. "याचं नाव काय?"

"मला काय ठाऊक?"

"मलाही नाही. किताबात नाही. नाव नाही तर मिजाज कुणी ठरवला नाही. मिजाज नाही तर मात्रा नाही. ज्याची मात्रा मला माहीत नाही ती चीज मी बीमार बाईला देऊ? माझ्या उस्तादांनी मला ते शिकवलं नाही."

तोवर खळी लागली होती. वरच्या आळीला उफणणी सुरू झाली होती आणि वहिनी रात्री बसून काढत होती. मी हकीमसाहेबांना म्हणालो की त्या बरणीवाल्यात आणि तुमच्यात फरक नाही. त्यानं कुलूप लावलं, तुम्ही किताब लावली. ते पाटातलं गवत काढत राहिले. ते वाक्य मी आजही मागं घेत नाही. पण गवताबरोबर त्यांनी बागेतल्या पुदिन्याची दोन रोपंही उपटली हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच तिथं आली. भिंतीला हात लावत लावत. मी मागून धावलो. ती दारात टेकली, दम घेतला आणि म्हणाली,

"हकीमसाब, चटनीला पाला हाय का?"

त्यांनी वर बघितलं. "चटणीला?"

"व्हय. भाकरीसंगं घरात काय न्हाई." पुन्हा दम. "तो जांबळ्या देठाचा द्या. आमच्या भावजीनं... लई वाखाणलाय."

"बाई, ती दवा नाही."

"दवा कोन मागतंय? शेजारीन भाजीपाला मागाया आली... तर न्हाई म्हनत्यात का तुमच्यात?"

हकीमसाहेब हात झटकत उठले. मग हसले. दाढीतल्या दाढीत, पण हसले. शेजाऱ्याला पाला द्यायला किताब लागत नाही. त्यांनी विळ्यानं जुडी कापली, आणि देताना सहज विचारावं तसं विचारलं, "चटणीला किती घालतेस?"

"मूठभर."

"आज चिमूटभर घाल. आणि मला जेवायला बोलाव."

ते आमच्या ओट्यावर संध्याकाळी जेवायला आले. तीच चटणी, वहिनीच्या आधी त्यांनी खाल्ली. वहिनीची नाडी त्यांनी धरली नाही. धरली असती तर ते औषध झालं असतं. ते नुसते गप्पा मारत बसले. माहेर कुठलं, तिथं पाऊस कसा, भावाचं लग्न जमलं का. मला वाटलं म्हातारा आज लईच बोलतोय. मग ध्यानात आलं की ते तिची उत्तरं ऐकतच नव्हते. एका दमात ती किती शब्द बोलते ते ऐकत होते.

त्या फाल्गुनात चिमटीचं हळूहळू मूठभर झालं. पाला तोडायला म्हणून वहिनी रोज परसात जायची आणि तिथंच पाटाशी बसायची. भिंतीमुळं भुसकट तिकडं कमी येई, पाण्याची ओल असे. एका दुपारी वावटळ आली आणि तिचा श्वास पुन्हा अडकला. हकीमसाहेबांनी पाणी उकळलं, "चटणीचा पाला यात धुऊन घे" म्हणाले, आणि तिचं डोकं पदरानं झाकून त्या वाफेवर धरलं. ओठ निळे पडले नाहीत. खळी संपली. कशानं निभावलं, पुदिन्यानं की भिंतीनं की पाटाच्या गारव्यानं, ते मला ठाऊक नाही. पत्रक असतं तर मी खात्रीनं सांगितलं असतं.

हकीमसाहेबांच्या परसातलं ते रोप पुढं राहिलं नाही. लढाई संपली त्या सुमाराला पाऊस रुसला, ओढा आटला, पाट कोरडा पडला आणि पुदिन्याचे तिन्ही वाफे करपले. बागेतला दुसरीकडून आणता आला असता, नहरी पुन्हा मागवता आला असता. तिसऱ्याला बीच नव्हतं.

पुढच्या साली ओढा पुन्हा वाहिला आणि गलबतं चालू झाली. नवा जूफा आला तेव्हा हकीमसाहेब पुडी घेऊन स्वतः आमच्याकडं आले. आता पार थकले होते. वहिनीनं पुडी कपाळाला लावली आणि फळीवर ठेवली. मग त्यांना न्हाणीमागं घेऊन गेली. चटणीच्या जुडीतल्या काड्या तिनं कधीतरी तिथल्या सांडपाण्यावर खोचल्या होत्या. जांभळ्या देठांचं रान माजलं होतं. हकीमसाहेब खाली बसले, देठ बोटांत फिरवला, आणि एक पान चावलं.

"दवा म्हणून देतेस?" त्यांनी विचारलं.

"न्हाई बा. चटनीला."

तिनं त्यांच्यासाठी मुळासकट ढेकूळ काढलं. बांधायला फडकं मिळेना. घरात कागद एकच होता, मी पुढं नगरला छापून नाक्यावरच्या शिपायांची नजर चुकवून आणलेल्या त्याच पत्रकांचा. तिनं त्यातलं एक ओलं करून मुळांभोवती गुंडाळलं, आणि ज्या म्हाताऱ्यानं माझं पत्रक वजिफ्याच्या भीतीनं छापू दिलं नव्हतं, तो ते दोन्ही हातांत धरून चावडीसमोरून घरी गेला. स्वस्तातली निळी शाई ओघळून त्याची बोटं निळी झाली होती.