लालवर गेलेला काटा

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मी रस्त्याच्या कडेला जेवढी बसले, तेवढी घरातही बसले नसेन. सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी नर्स होते. आठवड्यातून चार दिवस जीपने मंगळवेढ्याकडच्या खेड्यांत जायचं, पोरांना लसी टोचायच्या आणि परत यायचं. जीपमध्ये आम्ही दोघंच. मी आणि पन्नाशीचे ड्रायव्हर. त्यांना सगळा दवाखाना मामा म्हणे.

चैत्रात जीपच्या उष्णतेच्या मीटरचा काटा लालवर जायला लागला. आठ-दहा मैल झाले की मामा गाडी कडेला घेत, बॉनेट उघडत, आणि आम्ही इंजिन निवायची वाट बघत बसायचो. एखादी बाभूळ मिळाली तर नशीब. मांडीवरच्या थर्मासात लसीभोवतीचा बर्फ वितळत असायचा.

गॅरेजवाल्याने आधी रेडिएटर साफ केला, मग पाण्याचे पाइप बदलले, मग पंख्याचा पट्टा. दर वेळी "आता बघा" म्हणाला आणि दर वेळी काटा लालवर. डॉक्टरांना वाटे, मामांना थांबायची चटक लागली आहे. एकदा त्यांनी ते माझ्यादेखत मामांना ऐकवलं. काटा खरंच लालवर जातो हे मी रोज बघत होते, पण बोलायचंही त्राण नव्हतं.

एका गावी आम्ही दोन तास उशिरा पोचलो. बाया रानात निघून गेलेल्या. एकच बाई तान्ह्याला घेऊन थांबली होती. थर्मासात नुसतं पाणी, तेही कोमट. ती लस टोचणं शक्य नव्हतं.

"मग उद्या येनार का तुमी?" तिने विचारलं.

"येतो," मी म्हणाले. उद्या आमचं दुसरं गाव होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या आवारात मामांनी किल्ली फिरवली आणि काटा सरळ लालवर गेला. इंजिन अजून सुरूही झालं नव्हतं.

"बाई, हिकडं या. हात लावा."

मी बॉनेटखाली हात घातला. गार लोखंड.

"अंगात ताप न्हाय आन् थर्मामीटर म्हनतोय एकशेपाच," मामा म्हणाले. "मग खोटं कोन बोलतंय?"

त्यांनी इंजिनावरच्या करंगळीएवढ्या पितळी भागाची वायर सोडली. पाणी किती तापलं ते हाच भाग मीटरला कळवतो. मामा त्याला बल्ब म्हणत. वायर सुटताच काटा खाली आला, म्हणजे मीटर ठीक होता. मग मामांनी रेडिएटरमधलं पाणी बादलीत काढलं, पान्याने बल्ब सोडवला, वायर परत लावली, एका तारेने तो इंजिनाला जोडला आणि माठातल्या पाण्याच्या पेल्यात बुडवला. मी किल्ली फिरवली.

काटा लालवर.

"दीड म्हैना ह्येच्यापायी उनात बसलो की," मामा म्हणाले. आनंद त्यांनाही झाला नाही, मलाही नाही.

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी पेल्यात बोट बुडवलं, काट्याकडे पाहिलं. "नवा मागवून घ्या," एवढं म्हणून ते आत गेले. मी मागोमाग गेले.

"मामांची चूक नव्हती, डॉक्टर. तुम्ही त्यांना बोलला होतात."

"हो. सांगतो त्यांना."

सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. मामांनी कधी विषय काढला नाही.

नवा बल्ब पुण्याहून यायला महिना गेला. तोवर मामांनी जुनाच परत बसवला, त्याची वायर न जोडता गुंडाळून ठेवली, निघताना पाणी बघितलं आणि गाडी न थांबता चालवली. पहिल्या दिवशी साडेआठलाच गावात पोचलो. बाया अजून भाकऱ्या थापत होत्या. आमची वेळ दुपारची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मी घरोघर हाका मारत फिरले. थर्मासातला बर्फ शेवटच्या पोरापर्यंत पुरला.

येताना मी बसल्या जागी झोपले. दवाखान्याच्या दारात मामांनी हाक मारली, "बाई, उतरा. पोचलो."