शेवटची पाचर निघेपर्यंत

खोपोलीचे नाना, गुडघा आता काय म्हणतो? नेरळच्या मीनाक्षीबाई, डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? चौकचे पांडुरंगराव, खोकल्यावर अजून अडुळसाच चालू आहे का? सर्वांना नमस्कार, जयभीम. गौरवलेख असा सुरू करतात का, असं आपल्या निवृत्त टेलिफोनवाल्यांच्या अंकाचे संपादक विचारतील. पण ज्यांची पंच्याहत्तरी आपण साजरी करतो आहोत, त्या शकुंतलाताई मोरे यांनी कर्जतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्हाला हीच शिस्त लावली : आधी माणसाची विचारपूस, मग लाइन.

नवा लाइनमन म्हणून मी शिडी खांद्यावर घेऊन आत शिरलो, तेव्हा ताई बोर्डापुढे बसल्या होत्या. हाताने लाइन जोडत होत्या आणि तोंडाने कुणा आजींना शेक घ्यायला सांगत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "शिडी बाहेर, चपला बाहेर. भूक लागली असेल तर डबा आत." शाळेत मी फार टिकलो नाही, तारांची विद्या त्या डब्यावरच शिकलो.

पुढे बातमी आली, बोर्ड जाणार, आपोआप नंबर लागणारं यंत्र येणार. बाजारात कुरकुर सुरू झाली, "यंत्राला काय कळतंय रं, डॉक्टर कुटं गेलाय त्ये?" ताईंना ते बरोबर ठाऊक असे! बोर्ड जाणार म्हणून ताई रुसल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी साऱ्या बाजाराला शब्द दिला, "एकही फोन मुका राहणार नाय."

नवं यंत्र तारांना आधीच जोडून ठेवलं होतं. वेळेआधी ते बोलू नये म्हणून प्रत्येक फोनच्या जोडणीत एक पाचर दाबलेली आणि पाचरी ओळीने दोऱ्यांत ओवलेल्या. इंजिनिअर साहेबांनी "हां!" म्हणताच एका बाजूने आम्ही जुन्या तारा कातरल्या, दुसऱ्या बाजूने दोऱ्या ओढल्या. टाळ्या पडल्या, पेढे फिरले.

ताईंनी मात्र पेढा बाजूला ठेवला आणि एकेक नंबर फिरवायला घेतला. "कसे आहात? ऐकू येतंय ना?" सगळे उचलत होते. डोंगराकडच्या दवाखान्याची घंटा नुसतीच वाजत राहिली.

"कुणी नसेल, ताई. पुढचा घ्या," साहेब म्हणाले.

"सिस्टर जागा सोडायची नाय, साहेब. सकाळी मीच तिचा फोन जोडून दिला, तिच्याकडं बाळंतपणाला बाई आलीये. घंटा आपल्याला ऐकू येतेय, तिला नाय."

साहेब भला माणूस. स्वतः स्टुलावर चढले, बॅटरी मारून पाहू लागले. एक दोरा मध्येच तुटला होता आणि टोकाची पाचर दात रोवून बसली होती! त्यांनी ती चिमट्याने उपटली. ताईंनी पुन्हा नंबर फिरवला.

"अगं ताई! कवापासनं तुला फोन लावाया बघतेय, फोन मुकाच! बाई अडलीय, गाडी धाडा गं!"

एक्स्चेंजची जीप तशीच सुटली. बाईंना कर्जतला आणलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. निरोप आला तेव्हा कुठे ताईंनी पेढा तोंडात टाकला. म्हणाल्या, "आता झालं नवं एक्स्चेंज चालू!"

त्यानंतर यंत्रं कितीदा बदलली, तांब्याच्या तारा जाऊन काचेचे धागे आले. ताईंनी प्रत्येक नव्या पाहुण्याला पाट मांडला, पण आपली रीत सोडली नाही. परवा त्याच मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती नमस्कार करायच्या आत ताईंनी विचारलं, "आई कशी आहे गं तुझी?"

ताई, तुमचे कान असेच तल्लख राहोत, पाय चालते राहोत, आणि शंभरीचा पेढाही आम्हाला तुमच्याच हातून मिळो. मंडळी, वाचून झालं की ताईंना चार ओळी लिहा, आणि लवकर लिहा. तुमच्याकडून काही आलं नाही, तर "कुणी नसेल" म्हणून गप्प बसणाऱ्या त्या नव्हेत!