न मिटणारं कमळ

घोटावड्यात बुद्धविहाराच्या मागं आक्काबाईचं दोन खोल्यांचं घर. नवरा सोपान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा भूषण हिंजवडीत कामाला, बायको नम्रताला घेऊन मारुंजीत भाड्यानं राहायचा. गाडीवर बसलं की अर्ध्या तासाचा रस्ता. पण तेवढा अर्धा तास काही त्याला सापडत नव्हता.

सकाळी अंघोळ झाली की आक्काबाई मूर्तीपुढं मेणबत्ती, अगरबत्ती लावायची, दोन फुलं वाहायची आणि मोठ्यानं वंदना म्हणायची. फूल वाहताना रोज मनात आणायची, हे कोमेजणार, आपणही कोमेजणार. दिवसभरात त्या घरात माणसाचा आवाज व्हायचा तो तेवढाच.

माघात शेजारची प्रियदर्शिनी पांढऱ्या कापडाचं कमळ घेऊन आली. पोर पुण्याला डिझाइन शिकायची. वस्तीतल्या काही घरांत तिनं अशी कमळं लावली होती.

"आत्या, ही वायर मीटरपाशी जोडलीय. घरात वीज जास्त जळाय लागली की एकेक पाकळी मिटणार. कमी झाली की परत उघडणार."

"मग बिलात कळत न्हाई व्हय गं?"

"बिल येतं महिन्यानं. तोवर पंखा कुणी चालू ठेवला, कुणाच्या ध्यानात राहतंय? डोळ्यांपुढं दिसलं की हात आपसूक बटणाकडं जातो."

बाकीच्यांनी ते टीव्हीपाशी टांगलं, फ्रिजपाशी टांगलं. आक्काबाईनं टांगलं बुद्धमूर्तीशेजारी. कमळाची जागा दुसरी कुठली असणार? आणि तिथंच घोळ झाला. वाहिलेलं फूल कोमेजतं, तो त्याचा धर्म. पण मूर्तीपाशी आपल्याच हातानं कमळ मिटवायचं, हे तिच्या जिवाला लागायचं. तिनं फ्रिज पुसून बंद केला. एकटीच्या भाजीला काय करायचाय? टीव्ही बंद झाला. उन्हाळा तापला तरी पदरानं वारा घेत बसायची. कमळ मात्र पूर्ण उमललेलं. प्रियदर्शिनी म्हणायची, "आत्या, तुमच्यासारखं कमळ अख्ख्या वस्तीत न्हाई!" ते ऐकलं की आक्काबाईला दिवसभर पुरायचं.

चैत्रात एका रविवारी भूषण आणि नम्रता राहायच्या तयारीनं आले. भूषणनं आल्या आल्या कूलर लावला. नम्रतानं टीव्ही लावला, चटणीला मिक्सर काढला. कमळाची एक पाकळी मिटली, मग दुसरी. आक्काबाई त्यांच्या मागं मागं बटणं बंद करत फिरू लागली.

"अगं आई, घामाच्या धारा लागल्यात!"

"दारात बस की. वारं हाय तितं."

"दारात बसायला आलोय का मी? तू काय लाईटवाल्यांची माणूस झालीस का?"

शेवटी नम्रता बघत असताना टीव्ही बंद झाला, तेव्हा ती हसूनच म्हणाली, "आई, आम्ही आलो की तुमचं कमळ मिटतंय. मग आम्ही यायचं तरी कशाला?" हसली खरी, पण डोळे हसत नव्हते. जेवणं झाली आणि दोघं निघाली. आणलेले कपडे पिशवीतून बाहेरही आले नाहीत.

गाडी वळणाआड गेली. आत येऊन बघते तर कमळ पाकळी पाकळीनं उघडत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते उमललेलं कमळ तिला बघवेना.

त्यानंतर भूषणचा फोन नाही. तिनं करावा, तर बोलायचं काय?

वैशाखात प्रियदर्शिनी कमळाचा फोटो काढायला आली. कॉलेजात दाखवायचा होता.

"नको गं," आक्काबाई म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या कमळाचा काढ. हितं कोण हाय वीज जाळायला?"

प्रियदर्शिनीनं मोबाइल खाली घेतला. "घरात माणसं किती, हे त्याला कळतच न्हाई, आत्या. भरल्या घरात दोन पाकळ्या मिटल्या तर ती काय उधळपट्टी न्हाई. माणसांचा हिशेब त्यात घालायचा माझ्याकडनंच राहिला." मग दारातून वळून म्हणाली, "आणि तुमी पंखा लावत जावा. तेवढ्यानं काय होत न्हाई."

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आक्काबाईनं खिरीला तांदूळ निवडले. दरवर्षी सगळे मिळून पांढऱ्या कपड्यांत विहारात जायचे. या वर्षी येतील का, हे विचारायची छाती होत नव्हती. उठली, भूषणच्या खोलीतला पंखा लावला आणि कमळाकडं बघत फोन केला. नम्रतानं उचलला.

"आई? मागं कसला आवाज येतोय?"

"पंख्याचा. तुमच्या खोलीतला लावलाय."

"का?"

"कमळ मिटतंय का बघत हुते."

"मिटलं?"

"एक पाकळी. तिच्याही कडा नुसत्या लवल्यात. एकट्या पंख्यानं न्हाई व्हायचं ते. तुमी आलात म्हंजे मिटंल."

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला. "ह्यांना सुट्टी आहे का विचारते, आई. रात्री सांगते."

"बरं. कूलर पुसून ठिवते."

फोन ठेवून तिनं कूलर पुसला, त्यात पाणी भरलं, पण लावला नाही. पंख्याखाली रिकामी कॉट होती, तिच्यावर धुतलेली चादर अंथरली. पंखा बंद करायला हात वर गेला, आणि मग तसाच खाली आला.