चांदोरकरांचा पाळणा

चांदोरकरांना पाळणा लाभत नाही, हे सासूबाईंनी वसुधाताईंना लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. कुणा खापरपणजोबांनी म्हणे विधवा भावजयीला दिवस गेले म्हणून घराबाहेर काढलं. (ते मूल कुणाचं, हे सांगायची वेळ आली तेव्हा सासूबाईंना नेमका खोकला आला.) ती गोठ्यात बाळंत झाली, मूल गेलं, आणि तुमच्या पाळण्यात मूल वाढणार नाही, असं ती बोलून गेली. तेव्हापासून चांदोरकरांची मुलं झोळीत वाढतात आणि बारशालाही सुपात निजतात. वसुधाताई एमबीबीएस झालेल्या. त्यांनी तोंडाला पदर लावून हसू दाबलं. नव्या सुनेनं आणखी काय करायचं?

मग नवऱ्याबरोबर, श्रीरामबरोबर, त्या मिशिगनला आल्या आणि अमित झाला. पाळणा नाही, कठड्याची क्रिब आणली. क्रिबला कुठला आलाय शाप? एका दुपारी त्याला निजवून त्या स्वयंपाकघरात गेल्या, परत आल्या तेव्हा अमित गार पडला होता. ना ताप, ना सर्दी. ट्रंककॉलवर सासूबाईंनी दोष दिला नाही. "माझंच चुकलं गं, मी आग्रह धरायला हवा होता," एवढंच म्हणाल्या आणि रडत राहिल्या. पुढे शंतनू झाला, तो आईबापांच्या मध्ये झोपून वाढला. आपल्याआधी एक भाऊ होता, हे त्याला कधी कुणी सांगितलं नाही.

खरं सांगायचं तर वसुधाताईंनी कितीतरी वर्षं त्या शापाला टेकून काढली. चारचौघांत हसायच्या, पण आतून आधार वाटायचा. पाप खापरपणजोबांचं, आपण नुसत्या मध्ये सापडलो. मग नव्वदच्या दशकात डॉक्टरमंडळींनी सगळ्या आईबापांना बजावलं, की बाळाला पालथं झोपवू नका, उताणं झोपवा, पालथी निजलेली बाळं अशी अचानक जास्त जातात. वसुधाताईंच्या वेळी नेमकं उलटं सांगायचे. त्यांनी अमितला पालथं निजवलं होतं, स्वतःच्या हाताने, पाठीवर थोपटून. आता त्यांच्याकडे शापही उरला नाही.

निवृत्तीनंतर, श्रीरामही गेल्यावर, त्या जवळच्या नोव्हाय गावातल्या लायब्ररीत ग्रीक पुराणकथांच्या वर्गाला जाऊ लागल्या. एका राजाने भावाला त्याचीच मुलं कापून जेवायला वाढली आणि ते पाप पुढच्या पिढ्यांना फेडावं लागलं, अशी कथा निघाली. त्या पुढच्या पोरांचा काय गुन्हा, असं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. सगळे हळहळले. वसुधाताई म्हणाल्या, "ती पोरं नशीबवान. बोट दाखवायला त्यांच्याकडे आजोबा तरी आहेत." वर्ग खो खो हसला. म्हातारी गमतीची आहे, असं सर्वांचं मत पडलं.

२००७च्या उन्हाळ्यात शंतनू आणि रेणूला मुलगी झाली, अनया. वसुधाताई बाळंतपणाला त्यांच्या घरी अ‍ॅशबर्नला गेल्या. रेणू अनयाला क्रिबमध्ये उताणीच झोपवायची, शेजारी उशी नाही की पांघरूण नाही. काही म्हणजे काही चुकत नव्हतं, आणि हे वसुधाताईंइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पण दुपारी रेणू जरा आडवी झाली की त्यांचे पाय तिकडे वळायचे. नाकाशी बोट धरायच्या, श्वास जाणवायचा, तरी विश्वास बसायचा नाही. मग पोरीला उचलून मांडीवर घेऊन बसायच्या. झोपमोड झालेली पोर संध्याकाळभर किंचाळायची.

"आई, प्लीज तिला उचलू नका ना," रेणूने सांगून पाहिलं. "तिला क्रिबची सवय व्हायला हवी."

"बरं," वसुधाताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी शंतनू समोर येऊन बसला. "आई, तू स्वतः डॉक्टर आहेस. क्रिबचा काय प्रॉब्लेम आहे? काही रीझन असेल तर सांग ना, आम्ही ऐकू."

तो खरंच ऐकणार होता. अमितचं नाव वसुधाताईंच्या अगदी ओठांवर आलं. पण रेणू दारात उभी होती, खांद्यावर पोर. हे एकदा ऐकलं की ही मुलगी बाळाला पुन्हा कधी निर्धास्तपणे खाली ठेवणार नाही, हे वसुधाताईंना स्पष्ट दिसलं. शाप म्हणून सांगा नाहीतर चूक म्हणून सांगा, भीती तिच्याच पदरात पडणार. चांदोरकरांनी सुनांना आजवर दुसरं काय दिलं होतं?

"मला रेणूची पद्धतच पटत नाही," त्या म्हणाल्या. "मूल म्हणजे काय सामान आहे, नेऊन ठेवायला? आईला माया असावी लागते."

रेणूचा चेहरा पांढराफटक पडला. "स्पष्ट बोललात ते बरं झालं, आई," एवढं म्हणून ती आत गेली, आणि बराच वेळ तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला. शंतनूने त्याच आठवड्याचं परतीचं तिकीट काढलं.

आता दिवाळीही होऊन गेली. बोलावणं आलं नाही. रेणू फोनवर येत नाही. शंतनू रविवारी दोन मिनिटं बोलतो आणि दर वेळी, जरा टोचूनच, ऐकवतो, "अनया क्रिबमध्ये मस्त झोपते हं, आई."

पण आज सकाळी उठली ना, असं त्यांच्या अगदी तोंडाशी येतं. ते विचारायचं नाही, म्हणून त्या नुसतं "बरं" म्हणतात.