मिस्त्रींचा दहा इंची घुमारा

मिस्त्रींच्या कानांची वाट करवतीनं लावली. चाळीस वर्षं लाकूड कापायच्या मशीनशेजारी उभं राहून त्यांनी कपाटं केली, पलंग केले, शाळेची बाकं केली. कानात बोळे घाला असं कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नसतं. एकसष्टाव्या वर्षी दारावरची घंटा त्यांना ऐकू येईना, बायकोचं अर्धं बोलणं वाऱ्यावर जाऊ लागलं. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचे बारीक आवाज गेलेत. जाडे शाबूत आहेत."

आणि एका मंगळवारी सिग्नलला शेजारच्या गाडीतून धम्म-धम्म आवाज आला. मिस्त्रींना तो अख्खाच्या अख्खा, पोटापर्यंत ऐकू आला! त्यांनी काच खाली करून ओरडून विचारलं, "हे कुठं मिळतं हो?"

"अहो, सिग्नल सुटला!" शेजारी बसलेली बायको म्हणाली.

"सुटू दे!"

दुसऱ्या दिवशी दोघं गाड्यांच्या स्टिरिओच्या दुकानात हजर. दुकान चालवणारी तिशीतली मुलगी स्वतःच वायरी जोडत बसली होती. "काका, जाडा आवाज काढतो तो हा सबवूफर," ती मोठ्यानं म्हणाली. "पण अर्धं काम याचं, अर्धं ज्या खोक्यात बसवू त्याचं."

खोक्याचं नाव निघताच मिस्त्री सरसावून बसले.

तिनं आधी बारा इंची लावला. त्याच्या खोक्याला पुढून वाटोळं भोक होतं. काचेचं कपाट थरथरलं, बायकोनं पर्स छातीशी धरली. मग दहा इंची, सगळीकडून बंद खोक्यातला. मिस्त्रींनी डोळे मिटले, दोन्ही खोक्यांवर आळीपाळीनं तळहात ठेवला.

"पहिला मोठा आहे, पण लांबण लावतो. एक ठोका संपायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर. हा दुसरा बघ, ठोका देतो आणि गप बसतो. हाच!"

मुलगी बघतच राहिली. "काका, गिऱ्हाइकांना हा फरक कळायला माझी अर्धी दुपार जाते."

"आणि डिकीत माझ्या पिशव्या कुठं ठेवू?" बायकोनं विचारलं.

"बंद खोकं लहान असतं, काकू. पिशव्या राहतील."

झालं, तिचाही होकार मिळाला. पण मिस्त्रींनी खोक्याच्या पाठीवर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "पातळ फळी. सांध्याला पिना ठोकल्यात. असं कपाट मी दिलं असतं तर लोकांनी माझ्याच डोक्यात घातलं असतं. तू स्पीकर दे आणि आतली जागा किती हवी ते सांग. खोकं माझं."

"आत अठ्ठावीस लिटर हवा मावली पाहिजे. आणि कुठूनही हवा निसटता कामा नये," ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस मिस्त्री जेवायला हाक मारावी लागेल इतके रंगले. अठरा मिलिमीटरची फळी, सांध्यांना डिंक आणि स्क्रू, आत आडवी पट्टी, कोपऱ्यांत सिलिकॉन. खोक्याची पाठ डिकीच्या उतारासारखी तिरपी, म्हणजे पिशव्यांना आणखी चार बोटं जागा. स्पीकर बसवला आणि त्याचा पडदा हलक्या हातानं आत दाबला.

"थांबा!" बायको एकदम खाली वाकली. "सूंऽऽ करतंय! इथं, वायर बाहेर येते तिथं!"

मिस्त्रींना काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी तिथं सिलिकॉन भरलं, सुकू दिलं आणि पुन्हा पडदा दाबला. "आता?"

बायकोनं कान लावला. "एकदम चिडीचूप!"

सोमवारी त्या मुलीनं गाडीत सगळं जोडून दिलं. बायकोनं आपलं आवडतं गाणं लावलं, लग्नापासून हजारदा ऐकलेलं. पहिलं कडवं सुरू झालं आणि मिस्त्रींनी तिचा हात घट्ट धरला. गाण्याच्या तळाशी कुणीतरी जाड तारेचं वाद्य छेडत होतं, जिना उतरल्यासारखं, एकेक पायरी.

"अगंबाई, हे होतं यात?" बायको थक्क झाली. "मला कसं नाही कधी ऐकू आलं?"

"मला येतंय!" मिस्त्री लहान मुलासारखे ओरडले. "सगळं येतंय! परत लाव!"

मुलगी खिडकीशी वाकून ऐकत होती. गाणं तीनदा वाजेपर्यंत तिनं दम धरला आणि मग विचारलं, "काका, अशी आणखी चार खोकी द्याल करून?"

मिस्त्रींनी वळून बायकोकडे पाहिलं. "काय म्हणते ती?"

"हो म्हणा!" बायको त्यांच्या कानात ओरडली. "आणि सांगा, तपासायला मी असेन!"